खाटेविना शस्त्रक्रिया : शुश्रूषागृह नोंदणी कायद्यातील एका व्याख्येची चिकित्सा

प्रस्तावना :

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात थेरगाव आता नावापुरतेच गाव उरले आहे. डांगे चौकात उभे राहिले की चिंचवडकडून येणारी आणि हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीकडे जाणारी वाहने दिवसभर दिसतात. या रस्त्यांच्या दुतर्फा इमारतींचे तळमजले किराणा, मोबाइल आणि मिठाईच्या दुकानांनी व्यापले आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यांवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत एका नव्या व्यवसायाच्या पाट्या लागल्या. 'स्किन', 'हेअर', 'लेझर', 'स्लिमिंग' आणि 'एस्थेटिक' हे शब्द पूर्वी या परिसराच्या बोलण्यात नव्हते. आता चाकणच्या कारखान्यात पाळीवर जाणारा तरुणही 'ग्राफ्ट किती लागतील' हे सहज विचारतो.

या विषयाकडे लक्ष वळण्याचे कारण वर्गातले आहे. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी सलग तीन आठवडे ओढणीने अर्धा चेहरा झाकून बसत असे. चौकशी केल्यावर कळले की ओठांवरची आणि हनुवटीवरची लव काढण्यासाठी तिने सहा बैठकांचे 'पॅकेज' घेतले होते. दुसऱ्या बैठकीत त्वचा भाजली आणि तिथे काळपट डाग राहिले. घरी स्थळे पाहण्याचे बोलणे सुरू होते; अर्धवेळ नोकरीच्या पगारातून ती हप्ते भरत होती. यंत्र कोणी चालवले, त्या व्यक्तीचे शिक्षण काय, हे तिला ठाऊक नव्हते. तक्रार कोठे करावी हेही ठाऊक नव्हते आणि खरे सांगायचे तर प्रस्तुत लेखिकेलाही ठाऊक नव्हते. आम्ही दोघी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेलो. संबंधित म्हणून सांगितल्या गेलेल्या कार्यालयातील कर्मचाऱ्याने सर्व ऐकून घेतले आणि आस्थेने विचारले, "ताई, तिथं खाटा किती आहेत?"

खाटा नव्हत्या. एक मागे कलणारी खुर्ची होती.

त्या कर्मचाऱ्याच्या प्रश्नात दोष नव्हता. कायद्यानेच त्याला तो प्रश्न शिकवला होता. प्रस्तुत लेखात या कायद्याच्या भाषेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. लेखिका कायद्याची नव्हे, मराठीची अध्यापक आहे. त्यामुळे संहिता शब्दशः वाचण्याची सवय हेच तिचे साधन आहे. रुग्णाला दाखल न करता त्याच दिवशी घरी पाठवणाऱ्या शस्त्रक्रिया आणि सौंदर्योपचार यांच्यावर महाराष्ट्रात शासनाची देखरेख तोकडी पडते. याचे कारण सामान्यतः अधिकाऱ्यांच्या उदासीनतेत शोधले जाते. लेखिकेच्या मते त्याचे मूळ त्याहून आधी, व्याख्येच्या वाक्यात आहे.

व्याख्येतील तीन शब्द :

महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांची नोंदणी ज्या कायद्याखाली होते तो मूळचा मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९. आज तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणून ओळखला जातो. महानगरपालिका क्षेत्रात महानगरपालिका हेच त्याचे स्थानिक पर्यवेक्षक प्राधिकरण असते. नोंदणीशिवाय शुश्रूषागृह चालवण्यास त्यात मनाई आहे. मग शुश्रूषागृह म्हणजे काय? कायद्याच्या व्याख्येचा आशय असा की आजार, इजा किंवा अशक्तपणा असलेल्या व्यक्तींना घेण्यासाठी आणि त्यांना उपचार व शुश्रूषा पुरवण्यासाठी वापरली जाणारी, किंवा तशा वापरासाठी योजलेली जागा म्हणजे शुश्रूषागृह. त्यात प्रसूतिगृहही समाविष्ट आहे.

या वाक्यात माणूस तीनच रूपांत प्रवेश करतो : आजारी, जखमी आणि अशक्त. प्रसूतीसाठी आलेली स्त्री यांपैकी कोणीही नाही हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले असावे, म्हणून प्रसूतिगृह वेगळे नोंदवले गेले. म्हणजे निरोगी व्यक्तीही वैद्यकाच्या हाती देह सोपवते याची जाणीव १९४९ सालीही होती, पण ती एका अपवादापुरती. टक्कल पडलेला चाळिशीतला गृहस्थ आजारी नाही. पोटावरची चरबी काढून घेणारी तरुणी जखमी नाही. ओठांवरची लव नको असलेली मुलगी तर अशक्तही नाही. व्याख्या काटेकोरपणे वाचली तर हे तिघेही तिच्या उंबऱ्याबाहेर राहतात.

दुसरी अट 'उपचार व शुश्रूषा' यांतील उभयान्वयी अव्ययात आहे. उपचारासोबत शुश्रूषाही हवी. 'शुश्रूषा' हा शब्द संस्कृतातील 'श्रु' धातूपासून, इच्छार्थक रूपातून आलेला आहे. मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' आणि त्यावरून सेवा. रुग्णाच्या उशाशी बसून त्याचे कण्हणे ऐकणारी परिचारिका या शब्दात आहे. जिथे माणूस अकरा वाजता येतो आणि चार वाजता रिक्षाने घरी जातो, तिथे रात्र नाही, उशी नाही, कण्हणे ऐकायला कोणी नाही. (ते कण्हणे रात्री घरी आई ऐकते, पण आईची नोंदणी कोणत्याच कायद्यात नाही.)

व्याख्येतून जे सुटले ते नियमांतही सुटत गेले. नोंदणीच्या अर्जात खाटांची संख्या विचारली जाते. परिचारिकांचे प्रमाण आणि जागेचे माप यांचा हिशोबही खाटेवरून होतो. कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. १४ जानेवारी २०२१ रोजी सुधारित नियम अधिसूचित झाले. त्यांत रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे, दरपत्रक प्रसिद्ध करणे आणि स्थानिक प्राधिकरणाने तक्रार निवारणाची व्यवस्था करणे अशी स्वागतार्ह कलमे आली. या सुधारणांसाठी आरोग्य हक्कांच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि नवी सनद जुन्या दारावरच लागली. जे दार कायद्याला दिसत नाही, तिथे सनद लावायची कोणी?

न्यायाने हेही नमूद करावयास हवे की अनेक प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ नोंदणीकृत रुग्णालयांतच शस्त्रक्रिया करतात आणि भूलतज्ज्ञाविना सुरी हाती घेत नाहीत. परंतु तो त्यांच्या सद्सद्विवेकाचा भाग झाला. कायदा सज्जनांसाठी लिहिला जात नसतो.

पावतीवरचा क्रमांक :

विद्यार्थिनीने जपून ठेवलेली एक पावती मात्र बोलकी होती. तिच्यावर डॉक्टरचे नाव नव्हते, वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक नव्हता. पण वस्तू व सेवा कराचा पंधरा वर्णाक्षरांचा क्रमांक ठसठशीत छापलेला होता. त्या गाळ्याच्या अस्तित्वाची शासनदरबारी एवढी एक खूण आमच्या हाती लागली.

आरोग्यसेवा सामान्यतः करमुक्त आहेत. मात्र २८ जून २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने (क्रमांक १२/२०१७) या सवलतीतून केशरोपण तसेच सौंदर्यवर्धक व प्लास्टिक शस्त्रक्रिया वगळल्या. या वगळण्यालाही पुन्हा अपवाद आहे. जन्मजात व्यंग, वाढीतील विकृती, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेली शरीररचना वा तिचे कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया करमुक्तच राहते. त्याही आधी, १ सप्टेंबर २००९ पासून, सौंदर्यशस्त्रक्रियांवर सेवाकर लागू झालेला होता. म्हणजे या व्यवसायाची नेमकी, सीमारेषा आखणारी व्याख्या शासनाला करता येत नाही असे नाही. ती करून दीड दशकाहून अधिक काळ लोटला. फक्त ती वित्त खात्याने केली.

या व्याख्येला पुण्याच्याच इतिहासातील एक उदाहरण लावून पाहण्यासारखे आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यासाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ही क्रिया पाहिल्याचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आला. त्यावरून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक शस्त्रक्रियेच्या इतिहासात हा प्रसंग आदराने सांगितला जातो. कावसजीचे नाक आजच्या अधिसूचनेनुसार निःसंशय करमुक्त ठरले असते, कारण ते आघाताने गेलेले होते. तेच नाक केवळ अधिक सरळ हवे म्हणून कोणी बदलून घेतले तर कर लागेल. हा भेद वाजवी आहे. आक्षेप भेदाला नाही. हा भेद शासनाने तिजोरीसाठी केला आणि सुरक्षिततेसाठी केला नाही, याला आक्षेप आहे.

विमा क्षेत्राचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या प्रमाणित व्याख्यांत 'डे केअर केंद्र' ही संज्ञा स्वतंत्रपणे दिलेली आहे. अशा केंद्राकडे पात्र परिचारिका, प्रभारी पात्र डॉक्टर आणि स्वतःचे सुसज्ज शस्त्रक्रियागृह असावे. रुग्णांची दैनंदिन नोंद ठेवली जावी आणि ती विमा कंपनीला पाहता यावी, असे त्यात म्हटले आहे. चोवीस तासांच्या आत घरी जाणाऱ्या रुग्णाचे वास्तव येथे स्वच्छ ओळखलेले आहे. स्थानिक प्राधिकरणाकडील नोंदणीची अटही आहे, पण तिला 'जिथे लागू असेल तिथे' अशी पुस्ती जोडलेली आहे. ती लागू आहे की नाही हे ठरवणार १९४९ ची व्याख्या. शिवाय सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया विम्याच्या संरक्षणातून सामान्यतः वगळलेल्या असल्यामुळे, ज्या केशरोपण केंद्राला विमा कंपनीशी कर्तव्यच नाही, त्याला ही व्याख्याही बांधत नाही.

आणखी एक कायदा या गाळ्यांपर्यंत पोहोचतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार खाटा नसलेल्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या पात्रांत कचरा वेगळा करावा लागतो आणि किती कचरा दिला याचा हिशोब ठेवावा लागतो. म्हणजे वापरलेल्या सुईचा प्रवास कायद्याला माहीत असतो. ती ज्याच्या त्वचेत टोचली त्याचा माहीत नसतो. कचऱ्याचे नियम जागेऐवजी कृतीवर बेतलेले आहेत. सुई वापरलीत, कचरा झाला, तर तुम्ही नियमाखाली आलात. खाट आहे का, हे कोणी विचारत नाही. या साध्या तत्त्वाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

तीन मृत्यू :

येथवरची चर्चा शब्दांची झाली. शब्दांतील ही फट कोणाला गिळते हे पाहण्यासाठी अलीकडच्या तीन घटना पुरेशा आहेत. मृतांची नावे येथे देण्याचे प्रयोजन नाही.

मे २०१६ मध्ये चेन्नईत वैद्यकीय महाविद्यालयाच्या अंतिम वर्षाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी केशरोपणानंतर दगावला. त्या केंद्राकडे केवळ केशकर्तनालयाचा परवाना होता, हे मृत्यूनंतर उघड झाले. स्वतः डॉक्टर होऊ घातलेल्या तरुणालाही पाटीवरून फरक कळला नाही, ही बाब विसरता येत नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्रेचाळीस वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केशमुळांचे रोपण करून घेतले. ही बैठक कित्येक तास चालली. दोन दिवसांत तीव्र अॅलर्जीची लक्षणे दिसून त्याचा मृत्यू झाला. मे २०२२ मध्ये बंगळुरूत एकवीस वर्षांची दूरचित्रवाणी अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. तिथे आरोग्य खात्याला त्या संस्थेवर तातडीने कारवाई करता आली, कारण कर्नाटकच्या २००७ च्या कायद्यात लहान दवाखानेही नोंदणीखाली येतात. ही देखरेखही मृत्यूनंतरचीच होती. पण निदान कोणत्या दारावर जायचे हे ठाऊक होते.

या शस्त्रक्रिया किरकोळ वाटतात याचे कारण त्वचेवरची जखम लहान असते. धोका जखमेत नसून औषधांच्या मात्रेत आणि वेळेत असतो. स्थानिक भुलीचे औषध तासन्तास टोचत राहिले तर ते रक्तात साचून हृदयाची लय बिघडवू शकते. चरबी काढताना तिचे कण रक्तवाहिन्यांतून फुप्फुसांत जाऊ शकतात. अॅलर्जीचा झटका काही मिनिटांत श्वास कोंडू शकतो. अशा वेळी प्राणवायू, अॅड्रिनॅलिन आणि ते वापरता येणारा माणूस हाताशी हवा. थेरगावात महानगरपालिकेचे रुग्णालय आहे, आदित्य बिर्ला स्मृती रुग्णालयही आहे. सायंकाळच्या गर्दीत डांगे चौक ओलांडून तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतात हे इथल्या रहिवाशांना सांगावयास नको.

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाने सौंदर्यशस्त्रक्रिया व केशरोपण यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यापूर्वी दिल्लीतील अशाच एका मृत्यूनंतर मृताच्या आईने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते. औपचारिक शल्यप्रशिक्षण घेतलेल्या पात्र डॉक्टरांनीच या क्रिया कराव्यात, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले ज्ञान पुरेसे प्रशिक्षण नव्हे, असे या सूचनांत नमूद आहे. असे लेखी सांगावे लागले यातच परिस्थितीचे वर्णन आले. पण या सूचना डॉक्टरला उद्देशून आहेत. आयोगाचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरवर चालतो; गाळ्याच्या मालकावर, साखळी कंपनीवर किंवा पांढरा कोट घातलेल्या तंत्रज्ञावर नाही. बोगस डॉक्टरांविरुद्ध १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमातील कलम ३३ आहे. पण समोरची व्यक्ती स्वतःला डॉक्टर म्हणवतच नसेल, केवळ 'थेरपिस्ट' म्हणवत असेल, तर त्या कलमाचे टोक बोथट होते.

येथे एक तुलना अपरिहार्य आहे. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एका विवाहितेच्या मृत्यूनंतर पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले आणि त्यानंतर राज्यभर रुग्णालये व सोनोग्राफी केंद्रांच्या तपासणीची मोहीम निघाली. लिंगनिदानविरोधी कायदा कितीही मोडला जात असला तरी त्याची एक शक्ती आहे : तो यंत्राची नोंद ठेवतो. राज्यातील सोनोग्राफी यंत्र कोणत्या पत्त्यावर आहे हे शासनाला विचारता येते. लेझर यंत्राच्या निर्मितीवर आणि आयातीवर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांचे बंधन आहे. विकले गेल्यावर ते कोणाच्या हाती चालते याची नोंद ठेवणारी अशी व्यवस्था नाही. समाजाने जिथे धोका मानला तिथे यंत्राला क्रमांक मिळाला. सौंदर्य ही चैन मानली गेली, म्हणून तिच्या यंत्राला मिळाला नाही.

रुग्ण, ग्राहक की क्लायंट :

विद्यार्थिनीने सही केलेल्या संमतिपत्राची प्रत आम्हाला दुसऱ्या खेपेस मिळाली. दोन पाने, संपूर्ण इंग्रजीत, बारीक टंकात. त्यात तिचा उल्लेख सर्वत्र 'क्लायंट' असा होता. 'पेशंट' हा शब्द एकदाही नव्हता. हा योगायोग नसावा. पेशंट म्हटले की डॉक्टर आला, केसपेपर आला, जबाबदारी आली. क्लायंटला फक्त पावती द्यायची असते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र हा शब्दखेळ फार टिकत नाही. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निर्णय दिला. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात संमती म्हणजे केवळ सही नव्हे, क्रियेचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली मान्यता होय, हे तत्त्व स्पष्ट झाले. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीकडून दोन पाने इंग्रजीवर घेतलेली सही या कसोटीवर उतरणे कठीण आहे. पण ग्राहक आयोगापुढे जायचे तर पुरावा लागतो, आणि इथे पुन्हा खाट आडवी येते. २००२ च्या वैद्यकीय नीतिमत्ता विनियमांत डॉक्टरने वैद्यकीय नोंदी तीन वर्षे जतन कराव्यात असे म्हटले आहे. मात्र तो नियम आंतररुग्णांपुरता, म्हणजे दाखल झालेल्यांपुरता, लिहिलेला आहे. जो दाखलच झाला नाही त्याचा कागद किती काळ ठेवायचा याविषयी ते कलम गप्प आहे. लेझरची तीव्रता किती ठेवली होती, त्वचेची चाचणी आधी घेतली होती का, हे आज कोणी सांगू शकत नाही.

फौजदारी कायद्यातील एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीने वैद्यकीय क्रिया करताना तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत. म्हणजे सुई कोणाच्या हातात होती या प्रश्नावर शिक्षेचे माप ठरते. आणि नेमके तेच लिहून ठेवण्याची सक्ती नाही.

जाहिरातींबाबत थोडक्यात. याच २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांनी किंवा संस्थांनी रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करणे अनैतिक मानलेले आहे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्यात लठ्ठपणावर औषध असल्याचा दावा करण्यास बंदी आहे. तरीही चौकाचौकांत फलक आहेत. फलक डॉक्टरचा नसतो, 'ब्रँड'चा असतो आणि त्यावर औषधाऐवजी यंत्राचे चित्र असते. भाषेचा अभ्यासक म्हणून या पळवाटेच्या कौशल्याचे मनातल्या मनात कौतुक वाटते, हे कबूल करायला हवे.

मोजण्याचे एकक :

२०१० चा केंद्रीय वैद्यकीय आस्थापना अधिनियम महाराष्ट्राने स्वीकारावा, म्हणजे प्रश्न सुटेल, असे अनेकदा सुचवले जाते. तो कायदा १ मार्च २०१२ पासून काही राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. त्यात दवाखानाही येतो, ही मोठी सुधारणा आहे. परंतु त्याची व्याख्याही आजार, इजा, व्यंग, विकृती किंवा गर्भारपण यांसाठीच्या निदान-उपचारांवर उभी आहे. सरळ नाक अधिक सरळ करून घेणाऱ्या निरोगी माणसाला यांतील कोणता शब्द लागू होतो? साठ वर्षांनंतरच्या विधिमसुद्यातही माणूस बिघडलेलाच गृहीत धरला गेला.

डॉक्टरांच्या संघटनांचा या कायद्याला असलेला विरोध सरसकट स्वार्थी म्हणून झटकून टाकणे बरोबर नाही. थेरगाव, काळेवाडी किंवा चाकणच्या वस्त्यांत एका खोलीत बसून शंभर-दोनशे रुपयांत ताप-खोकला पाहणाऱ्या डॉक्टरवर मोठ्या रुग्णालयाचे निकष लादले तर त्याचा दवाखाना बंद पडेल आणि कामगाराला साखळी रुग्णालयाखेरीज पर्याय उरणार नाही. निरीक्षकांच्या मर्जीची भीतीही अनाठायी नाही. पण या रास्त भीतीच्या पदराआड भलतेच व्यवसाय सुरक्षित राहतात. ताप पाहणारा डॉक्टर आणि एका बैठकीत हजारो केशमुळे रोवणारे केंद्र या दोघांनाही 'खाटा नसलेली जागा' याच एका खणात टाकले जाते, तोवर दोघांपैकी एकाला अन्याय होणारच.

इतरत्र हे एकक बदलून पाहिले गेले आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९६ च्या जुलैपासून बाह्यरुग्ण शस्त्रक्रियेच्या जागेची ओळख खाटांवरून न करता भुलीवरून केली. रुग्णाची जीवरक्षक प्रतिक्षिप्त क्रिया हरपण्याचा संभव आहे इतक्या मात्रेत जिथे भूल दिली जाते, ती जागा प्रमाणित असलीच पाहिजे. फ्लोरिडात डॉक्टरांच्या खासगी कक्षांतील मृत्यूंनंतर ऑगस्ट २००० मध्ये पूर्ण भुलीच्या शस्त्रक्रिया अशा कक्षांत करण्यास तेथील वैद्यकीय मंडळाने नव्वद दिवसांची स्थगिती दिली होती. इंग्लंडमध्ये २०१३ साली सर ब्रूस किओ यांच्या समितीने त्वचेत भरल्या जाणाऱ्या पदार्थांच्या ग्राहकाला टूथब्रश विकत घेणाऱ्याइतकेच संरक्षण असल्याचे शासनाला बजावले. कॅलिफोर्नियाची कसोटी जशीच्या तशी उचलण्यात मात्र अर्थ नाही. तीत केवळ स्थानिक भूल देणारी केंद्रे वगळलेली आहेत. आपल्याकडची केशरोपणे बहुतांशी स्थानिक भुलीखालीच होतात.

आपल्याला नमुना बाहेरून आणण्याची गरजही नाही. कचऱ्याच्या नियमांनी कृती हे एकक मानले आहे आणि वित्त खात्याने निरोगी देहावरच्या क्रियेची व्याख्या करून ठेवली आहे. हे दोन्ही धागे जोडून १९४९ च्या अधिनियमात एक पोटकलम घालता येईल. त्याचा आशय साधारण असा असावा : एखादी व्यक्ती आजारी असो वा नसो आणि तिला दाखल करून घेतले जावो वा न जावो, जिथे तिच्या त्वचेचा छेद घेऊन, भुलीचे औषध टोचून किंवा ऊती जाळणाऱ्या ऊर्जेचे यंत्र वापरून तिच्या शरीराचे रूप बदलले जाते, ती जागा नोंदणीस पात्र राहील. तेथे क्रिया करणाऱ्या व्यक्तीचे नाव, पात्रता आणि प्रत्येक बैठकीतील मात्रा यांची नोंद किमान तीन वर्षे जतन केली जाईल आणि तिची प्रत मराठीत संबंधित व्यक्तीला दिली जाईल. ताप पाहणारा डॉक्टर या वाक्याबाहेर राहतो. कान टोचणारा सोनार मात्र छेदाच्या शब्दात सापडण्याचा संभव आहे. त्याला परंपरेचा अपवाद म्हणून वगळावे लागेल. गोंदणाऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण गोंदण काढून टाकण्याचे काम आज लेझरचीच यंत्रे करतात आणि गोंदणारा व काढणारा पुष्कळदा एकाच गाळ्यात बसतात.

या मसुद्यालाही करकायद्याकडून एक धोका आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशकर्तनालये व सौंदर्यसेवांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सामान्य माणसाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण ज्या जागेला क्लिनिक आणि सलून यांच्या सीमेवर उभे राहायचे आहे, तिला आपले नाव सलून ठेवण्याचे आणखी एक कारण मिळाले. म्हणूनच पोटकलमात पाटीवरचे नाव काहीही असो, हे शब्द घालणे आवश्यक ठरेल.

विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावरचा डाग आता फिकट झाला आहे. महानगरपालिकेच्या रुग्णालयातील त्वचारोग विभागाने दिलेल्या मलमाचा तो परिणाम असावा. ग्राहक आयोगाकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा तिने स्वतः मराठीत लिहून आणला. 'तक्रारदार' या रकान्यापुढे तिने आधी 'रुग्ण' लिहिले, मग खोडून 'ग्राहक' केले. पुढच्या रकान्यात उपचार करणाऱ्याचे नाव व पात्रता विचारली होती. तो कोराच आहे. ते नाव मिळावे म्हणून आम्ही त्या जागेच्या मालकाला लेखी पत्र पाठवले असून त्याची पोच आली आहे.